गांवाचें शहर होतांना

शहरें आपोआप वाढतात, त्यांस कोणी वाढवीत नाहीं, असा एक समज आपल्या लोकांत फार रूढ झालेला आहे. पावसाळ्यांत माळावर गवत उगवतें त्याप्रमाणें रस्त्याच्या कडेस दुकानें उगवतात, दुकानांमागें घरें येतात, आणि पंचवीस-तीस वर्षांनीं तेथें नीटनेटकें शहर दिसेल कीं नुसती दाटी, हें त्या जागेच्या नशिबावर सोंपवून आपण मोकळे होतों. वस्तुतः या वाढींतील प्रत्येक गोष्ट कोणा ना कोणा माणसानें कोठें तरी बसून ठरविलेली असते. फरक इतकाच कीं, ठरविणाऱ्यास आपण कांहीं ठरवीत आहों याची जाणीव पुष्कळदां नसते.

हा विचार करण्यास आमचें डोंगरकडा बरें उदाहरण आहे. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतील हें गांव. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्हा विभागला जाऊन हिंगोली वेगळी झाली, तेव्हां तें नव्या जिल्ह्यांत गेलें. इतकीं राज्यें व जिल्हे बदलले तरी गांवाच्या अंगावरील वस्त्र तेंच राहिलें. तें आतां बदलत आहे, आणि तें कोणा राजाच्या हुकमानें नव्हे, तर रस्त्यामुळें. एकीकडे नांदेड, दुसरीकडे हिंगोली. मधल्या टापूंतील प्रत्येक गांवाचें तोंड वेशीकडून वळून फाट्याकडे झालें आहे.

अशा गांवांत दोन गोष्टी एकाच वेळीं चालू असतात. जुन्या गांवठाणांत रस्तारुंदीचा विषय निघतो. मोटारी अडतात, म्हणून अमुक फूट घरें मागें घ्या असें ठरतें, आणि माळवदी घरांच्या भिंतींवर तांबड्या रंगाच्या खुणा उमटतात. गांवठाणाबाहेर शेताचे गुंठे पडूं लागतात. पहिल्या ठिकाणीं जें आहे तें कापावयाचें असतें, दुसऱ्या ठिकाणीं जें नाहीं तें मांडावयाचें असतें. हीं दोन कामें एकमेकांपासून अगदीं भिन्न असून त्यांस लागणारी बुद्धिही भिन्न आहे. परंतु आमच्याकडे बहुधा उलटें घडतें. जेथें हात जपून घालावयाचा तेथें दोरी लावून कापतात, आणि जेथें दोरी लावावयाची तेथें कोणी फिरकतही नाहीं.

या विषयाचा मोठा धडा मराठी मुलुखानें शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं घेतलेला आहे, आणि तो मुंबईस व इंदुरास घेतला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेगची सांथ सुरू झाली. डॉ. अकॅसिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं तो रोग प्रथम ओळखला. पुढें पुण्यांत त्या सांथीच्या बंदोबस्तानें काय अनर्थ झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं त्याचें पर्यवसान कशांत झालें, तें वाचकांस सांगावयास नको. मुंबईंत सरकारनें १८९८ सालीं कायदा करून ‘सिटी इंप्रुव्हमेंट ट्रस्ट’ नांवाचें मंडळ स्थापिलें. कोंदट हवा व दाट वस्ती हेंच रोगाचें मूळ, अशी त्या वेळची समजूत होती. समुद्रावरील वारा शहराच्या पोटांत शिरला म्हणजे रोग हटेल, या हिशेबानें ट्रस्टनें दाट वस्तींतून रुंद, सरळ रस्ते कापले. आज शामलदास गांधी मार्ग म्हणून ओळखला जाणारा प्रिन्सेस स्ट्रीट आणि सरदार वल्लभभाई पटेल यांचें नांव धारण करणारा सँढर्स्ट रोड, हे दोन्ही त्याच कापणींतून निघालेले आहेत.

रस्ते झाले. वाराही आला असेल. पण ज्या चाळी पाडल्या त्यांतील माणसें कोठें गेलीं? ट्रस्टनें कामगारांसाठीं कांहीं चाळी बांधल्या हें खरें. तथापि आरंभींच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानानें बांधलेल्या खोल्या फार थोड्या होत्या. गोदींत, गिरणींत वा बाजारांत ज्याचें पोट, तो कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊं शकत नाहीं. तो शेजारच्या गल्लींत शिरला, आणि जेथें पांच माणसें राहत तेथें आठ राहूं लागलीं. दाटी मोडावी म्हणून जो खर्च केला त्यानें दाटी उठून दुसऱ्या आळींत जाऊन बसली.

यांतील दैवदुर्विलास असा कीं, ज्या १८९८ सालीं हें मंडळ जन्मास आलें, त्याच सालीं कराचीस पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यानें प्लेगचा खरा वाहक शोधून काढला. तो वारा नव्हता, उंदराच्या अंगावरील पिसू होती. जगाला तें पटावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. घर पाडलें म्हणजे उंदीर मरत नाहीं, तो शेजारीं जातो. आणि घरमालकही तेंच करीत होता!

याच ट्रस्टची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर न्याय होणार नाहीं. दादर-माटुंग्याकडील मोकळ्या जमिनीवर त्यानें आधीं रस्ते आंखले, गटारें व बागांच्या जागा ठरविल्या, आणि मग घरांस परवानगी दिली. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी या त्यांतूनच झाल्या. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे आजोबा-पणजोबा गिरगांवच्या खोलींतून उठून त्या हिंदु कॉलनींत गेले असतील आणि झाडांच्या सावलींतून शाळेस जाण्याचें सुख त्यांच्या मुलांनीं भोगलें असेल. १९३३ सालीं ट्रस्ट महानगरपालिकेंत विलीन झाला, पण त्यानें लावलेल्या झाडांची सावली अद्याप आहे. मंडळ एकच, माणसें तींच, हातांतील पट्टी तीच. मोकळ्या जमिनीवर ती पट्टी वरदान ठरली आणि नांदत्या वस्तीवर शाप ठरली.

हा भेद ज्यांनीं हिंदुस्थानांत सर्वांत स्पष्टपणें मांडला ते पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ होत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. स्कॉटलंडांत १८५४ सालीं जन्मलेला हा गृहस्थ लग्न झाल्यावर पत्नी ॲना हिच्यासह एडिंबरोच्या अत्यंत कळकट अशा जुन्या पेठेंतील जेम्स कोर्ट नांवाच्या चाळवजा इमारतींत राहावयास गेला. दोघांनीं शेजाऱ्यांस बरोबर घेऊन जिने झाडले, भिंतींस रंग दिला, मोडकळीचा तेवढा भाग उतरवून उजेडास वाट केली. जें हातानें करून पाहिलें तेंच पुढें शास्त्र म्हणून सांगितलें: रोग्यास तपासल्यावांचून औषध देऊं नये, आणि शस्त्र लावणें भागच पडलें तर सडलें तेवढेंच कापावें. झाड वाढविणारा माणूस फांदी छाटतो, बुंधा सरळ करीत बसत नाहीं.

गेडिस १९१४ सालीं आपलें नगररचनेचें प्रदर्शन घेऊन इकडे निघाले. ते येऊन पोंचले, पण प्रदर्शनाचे नकाशे व चित्रें ज्या जहाजावर होतीं तें जहाज ‘एम्डेन’ या जर्मन लढाऊ गलबतानें बुडविलें. त्यांनीं पुन्हां सामान जमविलें. १९१७ चें साल त्यांस फार क्रूर गेलें. एप्रिलांत थोरला मुलगा फ्रान्समध्यें लढाईंत पडला आणि जूनमध्यें पत्नी हिंदुस्थानांतच वारली. याच सुमारास होळकर दरबारानें त्यांस इंदुरास बोलाविलें. तेथें प्लेग होता.

इंदूर म्हणजे आपलेंच घर. सरदार-दरकदारांचे मराठी वाडे, मराठी कीर्तनें, आणि तसेच आपले मराठी बोळ! नकाशा हातांत घेऊन हा पांढऱ्या दाढीचा साहेब बोळाबोळांतून हिंडूं लागला तेव्हां लोक त्यास भिऊं लागले. मोजणी करणारा साहेब आला म्हणजे घर जाणार, हा अनुभव सर्वांस होता. लोकांची ही भीति घालविण्याकरितां त्यांनीं जी युक्ति केली तिची हकीकत त्यांनींच पुढें सांगितलेली आहे. त्यांनीं एक दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केलें कीं, यंदा दिवाळीची नव्या तऱ्हेची मिरवणूक निघेल. मात्र ती ठरलेल्या मार्गानें जाणार नाहीं, ज्या पेठेनें आपले रस्ते व घरें सर्वांत स्वच्छ केलीं असतील त्या पेठेंतून जाईल.

मग काय विचारतां! वर्षानुवर्षांचा केर निघूं लागला. घरें सारवलीं, रंगविलीं गेलीं, उंदीर पकडण्याचें काम सुरू झालें. मिरवणुकींत हत्ती-घोडे होते, शेतीच्या सुबत्तेचीं चित्रें होतीं. त्यांमागून अस्वच्छतेचा राक्षस आणि एक प्रचंड उंदीर चालला होता. त्यांच्यामागें शहराचे झाडूवाले होते. त्यांच्या गाड्या धुवून रंगविलेल्या, अंगावर शुभ्र कपडे आणि गळ्यांत माळा. त्या दिवशींच्या ‘महाराजांनीं’ त्यांस सर्वांदेखत मान दिला. मग लक्ष्मी आली. शहरांत पुढें व्हावयाच्या वाचनालयादि इमारतींच्या प्रतिकृति आल्या. आणि शेवटीं बागांच्या गाड्यांवरून लोकांस कुंड्यांतून तुळशीचीं रोपें वांटण्यांत आलीं. रात्रीं राक्षस व उंदीर जाळले.

ही हकीकत ज्यांस नुसती गंमत वाटेल त्यांनीं त्यांतील कारागिरी पाहावी. उंदीर हा खरा शत्रु आहे हें व्याख्यान देऊन सांगण्याऐवजीं त्याचें सोंग काढलें. घर पाडण्याची धमकी न देतां घर सारवण्याची चढाओढ लावली. आणि तुळस! अंगणांत तुळस आली म्हणजे तिच्याभोंवतालची चार हात जागा गृहिणी स्वतः स्वच्छ ठेवते, त्यासाठीं दुसरा पहारा ठेवावा लागत नाहीं. परक्या देशांतून आलेल्या माणसास आपल्या घरांतील ही किल्ली सांपडावी आणि आमच्या विद्वानांस ती सुचूं नये, याचें आश्चर्य वाटतें. १९१८ सालीं त्यांनीं दरबारास दोन खंडांचा अहवाल दिला. त्या पद्धतीचा सारांश असा: आड बुजवूं नका, उपसा, देऊळ, मशीद, पार व मोठें झाड यांस धक्का लावूं नका, पडकें घर निघेल तेथें छोटा चौक करा, आणि सरळ रस्त्याच्या हट्टापायीं दहा घरें पाडण्यापेक्षां रस्ता जरा वळवा.

पुढें १९१९ पासून १९२४ पर्यंत गेडिस मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते. त्यांच्या व्याख्यानांस मालवणकडील एक संस्कृताचा एम. ए. झालेला तरुण बसूं लागला. त्यानें मुंबई या नगरीवर निबंध लिहून त्यांचा विश्वास संपादिला, विलायतेस शिष्यवृत्ति मिळविली आणि परत येऊन १९२४ सालीं तोच त्या विभागाचा प्रमुख झाला. हेच डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. संस्कृत शिकलेल्या माणसानें शहराकडे पाहूंच नये असा कांहीं नियम नाहीं, हें आमच्या वर्गानें त्यांच्यापासून शिकण्यासारखें आहे.

संस्कृताचाच विषय निघाला म्हणून सांगतों. प्रा. र. पं. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठासाठीं कौटिलीय अर्थशास्त्राची जी साक्षेपी आवृत्ति सिद्ध केली, ती ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं दुसऱ्या अधिकरणांतील दुर्गनिवेशाचें प्रकरण काढून पाहावें. तेथें राजमार्गाची रुंदी आठ दंड सांगितली आहे. सुमारें सहा फुटांचा दंड धरला तर हे अठ्ठेचाळीस फूट होतात. आणि ग्रामपथाची रुंदी? तीही आठ दंडच! ज्यास आम्ही खेड्यांतील वाट म्हणून गाडीभर रुंद ठेवतों, तिला कौटिल्यानें राजमार्गाच्या पंक्तीस बसविलें आहे. रस्त्यावर केर टाकणाऱ्यास अष्टमांश पण दंड, चिखलपाण्यानें वाट अडविणाऱ्यास चतुर्थांश, आणि राजमार्गावर हेंच केलें तर दुप्पट, असाही नियम आहे. मात्र याच ग्रंथांत चांडालांची वस्ती श्मशानाच्या कडेस ठेविलेली आहे, हेंही वाचलें पाहिजे. आमच्या खेड्यांत वेशीच्या आंतला भाग उंचावर व गांवकुसाबाहेरची वस्ती सांडपाण्याच्या उतारावर, ही मांडणी कांहीं पावसानें केलेली नाहीं. जुन्या गांवाचें जतन करा असें म्हणतांना त्यांतील हाही भाग जतन करा, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. इंदुरास त्या मिरवणुकींत झाडूवाल्यांच्या गळ्यांत पडलेली माळ मला म्हणूनच तुळशीइतकी महत्त्वाची वाटते.

आतां पुन्हां आमच्या गांवाकडे येऊं. गांवठाणांत मोटारी अडतात हें खोटें नाहीं. परंतु त्या कोठें अडतात, केव्हां अडतात, आणि तेथें दोन कोपरे गोल केल्यानें, एखादें ओसाड पडकें घर घेऊन गाडी वळण्यास जागा केल्यानें किंवा बाजाराच्या दिवशीं मालगाड्यांस बाहेरच थांबविल्यानें काम भागेल कीं काय, हें कोणी आठ दिवस उभें राहून पाहिलेलें असतें काय? सबंध गल्लीची ओसरी कापून काढणें सोपें पडतें, कारण त्यास पट्टी पुरते, पाहणें लागत नाहीं. ओसरी गेली म्हणजे नुसते पांच-सहा फूट जात नाहींत. दुपारचें निवडणें-टिपणें, पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्याची खाट आणि जाणाऱ्या-येणाऱ्यावर असणारी घरची नजर, हें सर्व त्या पांच-सहा फुटांत राहत असतें.

गांवठाणाबाहेर याच्या नेमकें उलट. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतमालकास एकराच्या भावापेक्षां गुंठ्याचा भाव गोड लागतो, आणि घेणाऱ्यासही तेवढाच परवडतो. दोघांचेंही चुकतें असें मी म्हणत नाहीं. पण प्रत्येक जण आपल्या शेतापुरती वाट सोडतो, ती शक्य तितकी अरुंद सोडतो, आणि शेजारच्या शेतांतील वाट तिला मिळत नाहीं. गटार कोणीच सोडीत नाहीं. दहा वर्षांनीं तेथें पन्नास घरें होतात आणि आजाऱ्यास नेणारी गाडी तोंडाशींच उभी राहते. मग ती वस्ती ‘नियमित’ करण्यासाठीं कायदे करावे लागतात. २००१ चा गुंठेवारी कायदा हा त्यांतलाच. कायद्यानें कागद नियमित होतो, नऊ फुटांचा बोळ अठरा फुटांचा होत नाहीं.

यावर उपाय नवा नाहीं. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा पहिला कायदा झाला, त्याचें मर्म असें कीं, शेजारशेजारच्या सर्व मालकांच्या जमिनी क्षणभर एकच शेत आहे असें समजावें; त्यांत रस्ते, गटार, शाळा व मोकळी जागा आंखावी; आणि उरलेली जमीन ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणें चौरस करून परत द्यावी. जमीन थोडी कमी मिळते, पण वांकडी-तिकडी होती ती नीट होते, रस्त्यावर येते आणि तिची किंमत वाढते. कोणी एकटा बुडत नाहीं आणि कोणी एकटा गबर होत नाहीं. पुण्याजवळ हडपसरास मगर मंडळींनीं याच बुद्धीचा निराळा अवलंब केला. शंभरांहून अधिक शेतकरी कुटुंबांनीं सुमारें चारशें एकर जमीन विकून न टाकतां एकत्र करून कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणांत भाग घेतले आणि मगरपट्टा नांवाची वसाहत उभी केली. शेत गेलें तरी मालकी राहिली. चारशें एकरांवर जें झालें तें फाट्याजवळच्या वीस एकरांवर होऊं नये असें त्यांत कांहीं नाहीं. लागते ती इतकीच गोष्ट कीं, पहिला गुंठा विकला जाण्याच्या आधीं दहा माणसांनीं एका पारावर बसावें.

येथें आमच्या वाचकांचा संबंध येतो. या खेड्यांतून बाहेर पडलेलीं पहिलीं घरें पुष्कळशीं आपलींच आहेत. कोणी नांदेडास, कोणी पुण्यास, कोणी परदेशीं. गांवांत पडका वाडा आणि रस्त्याकडचें एखादें शेत तेवढें नांवावर राहिलें आहे. तें शेत दूरध्वनीवरून विकलें जातें. घेणारा भाव सांगतो, भावाभावांत वांटणी ठरते, दोघे तिघे एक दिवस येऊन सह्या करून संध्याकाळच्या गाडीनें परत जातात. त्या शेतांतून किती रुंद वाट सुटणार, पावसाचें पाणी कोणत्या घरांत शिरणार, जुनी पांदण बुजणार कीं राहणार, हें त्यांनीं विचारलेलें मीं तरी ऐकलेलें नाहीं. पुण्यांत स्वतःच्या इमारतीपुढच्या रस्त्यावर कोणी मोटार लावली तर हेच गृहस्थ महानगरपालिकेस चार पानांचें पत्र लिहितात! पडक्या वाड्याचेंही तसेंच. गेडिसांच्या रीतीनें पाहिलें तर दाट गांवठाणांतील अशी ओसाड जागा म्हणजे सोन्याची खाण; एकही राहतें घर न पाडतां तेथें चौक, झाड, मुलांची खेळण्याची जागा होऊं शकते. परंतु मालक तो पांच भावांच्या सह्यांअभावीं तसाच ठेवतो, आणि सह्या जमल्या कीं जास्त बोली बोलणाऱ्यास देतो.

एक गोष्ट मात्र अलीकडे अनुकूल झाली आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या ‘स्वामित्व’ योजनेखालीं गांवठाणांची मोजणी ड्रोनच्या साहाय्यानें होऊं लागली. शेतांस सातबारा होता, पण गांवठाणांतील घरांस बहुतेक ठिकाणीं नकाशाच नव्हता. आतां घराघराची मिळकतपत्रिका होते आणि त्याबरोबर गांवाचा नकाशाही. इंदुरास गेडिसांना जें काम पायीं हिंडून करावें लागलें, त्याचा पहिला अर्धा भाग असा आयता हातीं येतो. दुसरा अर्धा ड्रोनला दिसत नाहीं. कोणत्या आडाला उन्हाळ्यांत पाणी असतें, कोणत्या पिंपळाखालीं माणसें बसतात, बायका सांजवेळीं कोणता बोळ टाळतात आणि कां, पावसाळ्यांत पाणी कोठें तुंबतें, हें त्या नकाशावर गांवच्याच लोकांनीं भरावें लागेल. आठवी-नववीचीं मुलें हें काम सहज करतील. भूगोलाच्या तासास याहून चांगला पाठ मिळणें कठीण. तो नकाशा ग्रामसभेपुढें भिंतीवर टांगला असतांना रस्तारुंदीचा ठराव मांडणाऱ्यास आपल्या पट्टीखालीं काय काय येतें तें निदान बोट ठेवून दाखवावें लागेल.

फाट्याकडील शेतांत अद्याप केळी उभी आहे, हळद निघते आहे. सर्व शेतांचे गुंठे झालेले नाहींत. बाहेरगांवच्या मालकांस दिवाळीच्या सुटींत येणें होतें. ते येतील तेव्हां वाड्याच्या सह्यांबरोबर या वाटांचाही विषय काढावा असें आम्हीं गांवांतील चार-सहा जणांनीं ठरविलें आहे.